सहाव्या डब्यात लोणी

१

"खुनी याच खोलीत आहे," पडद्यावरचा इन्स्पेक्टर म्हणाला. त्याच्या एका हातात पिस्तूल होतं आणि दुसऱ्या हातात कोंबडीची तंगडी, कारण अख्ख्या सिनेमात त्या बिचाऱ्याला कुणी धड जेवू दिलं नव्हतं. घास तोंडाशी नेला की कुठेतरी किंकाळी ठरलेली. "आणि त्याचं नाव आहे..."

पडदा लुकलुकला आणि इन्स्पेक्टर गायब झाला. त्याच्या जागी एक गुबगुबीत बाई आली. पावावर लोणी फासत ती म्हणाली, "घरच्यांना काय हवं, ते आईलाच ठाऊक!"

लोकांना वाटलं, हाही सिनेमातलाच विनोद. हॉल खदाखदा हसला. पण बाई गेली आणि गाय आली, गाय गेली आणि पुन्हा तेच लोणी आलं, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "काय रे येप्पे, वरती आक्सेल झाला की काय तुझा?"

आमच्या स्टेनहाउनमध्ये कामावर डुलकी काढणाऱ्याचा 'आक्सेल होतो'. शाळेतली पोरं म्हणतात, बंदरावरचे कोळी म्हणतात, हा आक्सेल कोण ते कुणी विचारत नाही. त्यामुळे हॉल पुन्हा हसला आणि मग पुढच्या रांगेपासून हसू विझत विझत मागे गेलं. पुढच्या रांगेत थीरा बसली होती, आक्सेलची धाकटी बहीण.

मशीनच्या खोलीतून येप्पे धावत खाली आला. एरवी त्याचे गाल उकडलेल्या बिटासारखे असतात. आज ते पांढरे पडले होते.

"रिग्मोर," तो माझ्या कानाशी म्हणाला, "सहावं रीळ नाहीये. डबा तोच, वजन तेवढंच, पण आत जाहिराती. कुणीतरी बदललंय गं."

२

मी रिग्मोर. शहरात गुन्हेशाखेत जन्म काढला, मग खुबा गेला आणि मी गावी परत आले. आता आमच्या किनोत तिकिटं फाडते. हे थिएटर गावकरीच चालवतात, पगार कुणालाच नाही. येप्पे दिवसा लोकांच्या घरी दिव्यांच्या तारा ओढतो आणि रविवारी इथे मशीन चालवतो. बिर्ते आमची अध्यक्ष आहे, म्हणजे हिशेबापासून संडासातल्या कागदापर्यंत सगळं तिच्याच अंगावर पडतं. कुणी कुणाला अहोजाहो करत नाही, पण बिर्तेला सगळे वचकून असतात.

उन्हाळ्यात छपराचं काम काढलं तेव्हा माळ्यावर सहा डबे सापडले. 'आधी जेवण, मग खून' नावाचा पंचावन्न सालचा काळापांढरा सिनेमा, इथल्याच समुद्राकाठच्या हॉटेलात काढलेला. दुसरी प्रत जगात कुठेही उरलेली नाही, असं राजधानीतल्या सिनेमा-संग्रहालयानं कळवलं. आम्ही शपथच घेतली, की आधी कुणी बघायचा नाही, किनोच्या वाढदिवशी सगळ्यांनी मिळूनच बघायचा. येप्पेनं फक्त पहिलं रीळ लावून मशीन तपासलं.

आणि काय मजा आली त्या दुपारी! बाहेर नोव्हेंबरची झड, आत ओल्या लोकरीचा वास, थर्मासातली कॉफी, ज्येष्ठमधाच्या खारट काळ्या गोळ्या. हल्लीच्या सिनेमात रक्ताचे पाट वाहतात आणि लोक शांतपणे मक्याच्या लाह्या चघळतात. इथे एक प्रेत आणि एक उपाशी इन्स्पेक्टर, तरी सत्तरीच्या बाया रुमालात तोंड खुपसून हसत होत्या. तिसऱ्या रिळात कपाटाचं दार धाडकन उघडतं आणि आतलं प्रेत थेट सुपाच्या भांड्यात पडतं. अख्खा हॉल उडाला, माझी कॉफी माझ्याच मांडीवर सांडली. माझ्या पुढे थीरा होती. बिर्तेनं तिचा हात आधीच घट्ट धरून ठेवला होता म्हणून बरं, नाहीतर म्हातारीचं काळीज बाहेर आलं असतं.

आता हॉल रिकामा झाला होता. थीरा मात्र पांढऱ्या पडद्याकडे मान जराशी वळवून बसून होती. समोर बघितलं की तिला मधे नुसता धूर दिसतो, कडेनं थोडंफार दिसतं. तो आजारच तसा आहे.

"शेवटचा नाच राहिला," ती म्हणाली.

तो नाच आमच्या गावाला विसरता येत नाही. सिनेमावाल्यांची इथली शेवटची संध्याकाळ होती. हॉटेलच्या गच्चीवर अर्धं गाव नाचायला बोलावलेलं. त्याच रात्री समुद्रावरून धुकं चढलं, होड्यांना सावध करणारी धक्क्याच्या टोकावरची घंटा वाजलीच नाही आणि एक होडी खडकावर फुटली. तीन माणसं गेली. घंटेची पाळी आक्सेलची होती, वय एकोणीस. पाळीची इथली रीत अशी, की घंटेवाल्याची टोपी असते, पितळी घंटेचा बिल्ला लावलेली. पाळी बदलली की ती हातातून हातात द्यायची. टोपी ज्याच्या डोक्यावर, तीन गावांच्या होड्या त्याच्या डोक्यावर. आक्सेल म्हणाला, मी टोपी होल्गरला दिली होती. होल्गर म्हणाला, मला कुणीच दिली नाही. सकाळी टोपी घंटेच्या खोपटात खुंटीला लटकत होती. होल्गर बोलका, हसरा, सगळ्यांचा लाडका. गावानं त्याचं ऐकलं, आक्सेल पाळीवर झोपला असंच धरलं. आक्सेल त्याच हिवाळ्यात परदेशी जहाजावर चढला आणि पुन्हा आला नाही, त्याचं प्रेतसुद्धा आलं नाही.

"तुला एक सांगू?" थीरा म्हणाली. "मी नऊ वर्षांची होते. त्या रात्री मला ताप भरला होता, आई इस्पितळात. आक्सेल म्हणाला होता, मी तुझ्यापाशी बसायला आलो म्हणून टोपी दिली. मला कपाळावरचा हात आठवतो गं. पण तापात मला भिंतीवर घोडेही दिसले होते. चौकशीच्या वेळी विचारलं, भाऊ होता का जवळ? मी म्हटलं, माहीत नाही."

"थीरा, तू लहान होतीस."

"ते सगळे म्हणतात. त्या नाचात अख्खं गाव आहे, रिग्मोर. तो जर नाचत असेल, तर तो माझ्याशी खोटं बोलला. नसेल तर... डॉक्टर म्हणतो, ख्रिसमसपर्यंत दिसेल तेवढं दिसेल. मग हा कडेचा उजेडही जाणार. मला फक्त बघायचंय, तो त्यात आहे का."

३

आधी येप्पेला धरला.

"कपाटाची किल्ली माझ्याकडे आणि बिर्तेकडे," तो म्हणाला. "लाउरिट्सनं मध्ये एकदा बिर्तेची मागून नेली होती, डब्यांचे फोटो काढायला. पण रिग्मोर, लाउरिट्सला बल्ब बदलता येत नाही. हे जाहिरातींचं रीळ सरळ गुंडाळलेलं होतं. सुरुवात वर, फीत माझ्या हाताला जशी लागते तशीच. ज्यानं कधी मशीनला हात लावला नाही, तो हमखास उलटं गुंडाळतो."

"म्हणजे तूच."

"मीच!" तो केविलवाणं हसला. "होल्गरनंतर या खोलीत दुसरं कोण आलंय? त्यानं पंचवीस वर्षं मशीन चालवलं. त्याच्या वेळी बिर्ते लहानपणी इथेच पोत्यावर झोपायची म्हणे. आता मीच एकटा. आणि ते रीळ घरी नेलं असतं तर बायकोनं मलाच घराबाहेर काढलं असतं. कुजायला लागलीय ती फीत. व्हिनेगरसारखा वास मारते, डबा उघडला की डोळ्यांत पाणी येतं."

लाउरिट्स हा आमचा निवृत्त मास्तर. गावाचा इतिहास त्याला तोंडपाठ. सहावं रीळ लागायच्या आधी तो उठून बाहेर गेला होता, हे मी पाहिलं होतं.

"विडी ओढायला?" मी विचारलं.

"मी विडी सोडून वर्ष झालं."

"मग?"

"त्या होडीवर माझा बाप होता, रिग्मोर. मी चार वर्षांचा. बाप बुडत असताना गाव कसं नाचत होतं, ते बघायला मी तिथे बसून राहू? बाकी सिनेमा बघितला, हसलोसुद्धा. पण नाच नको."

"मग रीळ गेलं ते तुझ्या पथ्यावरच पडलं."

"पडलं," तो सरळ म्हणाला. "पण मी घेतलं नाही. आणि एक सांगतो. त्या आक्सेलला मी जन्मभर शिव्या दिल्यात. थीरा रस्त्यात दिसली की मी पलीकडच्या बाजूला जातो. आज ती त्या पडद्यापुढे बसलेली बघितली आणि मला माझीच लाज वाटली."

माणूस खोटं बोलताना सहसा स्वतःची लाज काढत नाही. मी उठले.

बिर्ते मागच्या स्वयंपाकघरात कप विसळत होती. तिनं मागे न बघताच विचारलं, "कुणाचा संशय येतोय, इन्स्पेक्टर?"

"सगळ्यांचा. आधी कॉफी दे. तो पडद्यावरचा उपाशी मेला, मी नाही मरणार."

ती हसली, पण डोळे सुजलेले होते. मशीननं खोकत, धापा टाकत अर्धा कप कॉफी ओकली. खोलीत व्हिनेगरचा वास घमघमत होता. मी नाक मुरडलं तशी ती म्हणाली, "शुक्रवारी कॉफीचं मशीन साफ केलं, त्याचा वास आहे. इथलं पाणी म्हणजे नुसता चुना."

"थीराला वाईट वाटलं," मी म्हटलं.

बिर्तेच्या हातातला कप बशीवर आपटला. "मी तिला दर महिन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते, रिग्मोर. तिला काय वाटलं ते मला नको सांगूस."

मी कॉफी प्यायले. अगदी कडू होती. आणि माझ्या समोरच, मशीनच्या पोटावर, एक तांबडा दिवा उघडझाप करत होता.

४

तो दिवा आमच्या घरच्या मशीनलाही आहे. चुना साचला की तो लागतो आणि व्हिनेगर ओतून साफ केल्याशिवाय विझत नाही. शुक्रवारी मशीन साफ झालं असतं, तर रविवारी दिवा लागला नसता आणि ते दम्याच्या रोग्यासारखं खोकलंही नसतं. म्हणजे खोलीत व्हिनेगरचा वास होता, पण मशीन कुणी धुतलंच नव्हतं.

मग मला सुपाच्या भांड्यातलं प्रेत आठवलं. अख्खा हॉल दचकला तो दार उघडल्यावर. बिर्तेनं थीराचा हात धरला तो दार उघडायच्या आधी. पहिल्यांदा सिनेमा बघणाऱ्याला काय कळणार, की आता धाडकन काही होणार आहे? तिला कळलं, कारण तिनं तो आधी बघितला होता. एकटीनं, शपथ मोडून. आणि बघितला म्हणजे मशीन तिला लावता येत होतं. पोत्यावर झोपणारी पोरगी नुसतीच झोपली नसणार.

खरं सांगते, मला अजिबात आनंद झाला नाही. शाखेत असताना कोडं सुटलं की मी दोन केक खायचे. त्या दिवशी केकला हात लावावासा वाटला नाही. चोर सापडला होता तो एका म्हातारीला भीती वाटू नये म्हणून तिचा हात धरताना.

"बिर्ते," मी म्हटलं, "वाढदिवसाच्या मोठ्या केकचा पत्र्याचा डबा कुठे असतो गं?"

तिनं नळ आणखी सोडला.

"केक तर आज टेबलावर पुठ्ठ्यावरच ठेवला होतास. मी म्हटलं, एवढी टापटिपीची बाई, डबा का नाही काढला?"

नळ चालूच होता. मी वाकले, खुबा ठणकला. सिंकखालचं दार उघडलं. बादलीमागे डबा होता. झाकण उचललं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते नुसत्या वासानं आलं की कशानं, ते मी सांगत बसत नाही.

५

"जाळायचं होतं," बिर्ते म्हणाली. ती खुर्चीवर बसली होती, हात ओलेच. "परसात नेलं होतं. काडीही पेटवली."

"मग?"

"जगात एकच प्रत आहे. बाबांनीही नाही जाळली. ही रिळं माळ्यावर त्यांच्या जुन्या कोटाखाली होती, माहितेय तुला? सिनेमा लागायला आला तेव्हा गावानं नको म्हटलं, आमचं सुतक चालू आहे. बाबांनी सगळ्यांना सांगितलं, डबे परत धाडले. आणि इथेच ठेवले. का ठेवले, तेच कळेना, म्हणून मी बघितला."

होल्गर म्हणजे बिर्तेचा बाप. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मीच आतापर्यंत त्याचा विचार करायचं टाळत होते.

"होल्गर नाचात आहे," मी म्हटलं.

"टोपी घालून," ती म्हणाली. "अगं, धुकं दिसतंय मागे. दिव्यांभोवती कापसासारखं. सिनेमावाल्यांना वाटलं असेल, काय सुंदर. आणि बाबा हसतायत." ती रडायला लागली, तोंड दाबून. "धुकं आलं की त्यांना झोप लागायची नाही. खिडकीशी उभे राहायचे. मला वाटायचं, किती मोठं मन, मेलेल्यांसाठी जागतोय. मला सायकल शिकवली त्यांनी. मला मशीन शिकवलं. आता काय करू मी त्या माणसाचं?"

मी तिच्या ओल्या हातावर हात ठेवला.

"मी आता पोलिसात नाही," मी म्हटलं. "तिकिटं फाडते. हा डबा मी बघितलाच नाही, असं म्हणू शकते. पण थीराच्या डोळ्यांना मुदत आहे."

"माहितेय. डॉक्टरनं ते मलाच सांगितलं. तिला मी घरी नेताना गाडीत सांगितलं." बिर्तेनं नाक पुसलं. नळ बंद केला. उघड्या डब्यावर झाकण दाबलं. "तिला एकटीला दाखवून भागणार नाही ना?"

"आक्सेल झाला, असं सगळं गाव म्हणतं."

पुढच्या रविवारी हॉल भरून वाहत होता. चोर कोण, यावर बंदरावर पैजा लागल्या होत्या. बिर्ते पडद्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "रीळ मी लपवलं होतं. का, ते बघितल्यावर कळेल." मग ती थीराशेजारी जाऊन बसली. कुजबूज उठली. लाउरिट्स दाराशी घुटमळत होता. तो आत आला आणि थीराच्या दुसऱ्या बाजूला बसला. सत्तर वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्या बाजूच्या पदपथावर आला होता म्हणा ना.

दिवे गेले. इन्स्पेक्टरनं खुन्याचं नाव घेतलं. खुनी हॉटेलचा मुख्य वाढपी निघाला, आणि आता वाढणार कोण, म्हणून इन्स्पेक्टर कपाळ बडवून घेतो. हॉल हसला. मग गच्ची, बाजाची पेटी आणि नाच. म्हातारी माणसं एकेकाला ओळखायला लागली, "ती बघ माझी आई!" "अरे, हा तर आपला पावभट्टीवाला!"

"कोण कोण दिसतंय?" थीरानं विचारलं. मान वळवून ती कडेच्या उजेडानं चाचपडत होती. "मला नुसत्या सावल्या हलताना दिसतायत. सांग ना बिर्ते."

बिर्ते सांगायला लागली. आधी हळू. पण हॉल गप्प होत गेला आणि तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचू लागला. "तुझी मावशी आहे. शिंपी आहे. मागून धुकं येतंय. आता इन्स्पेक्टर नाचणाऱ्यांत घुसलाय. त्यानं एकाच्या डोक्यावरची टोपी काढली, स्वतःच्या डोक्यावर ठेवली, सलाम ठोकला."

हा शेवटचा विनोद होता. एकदोन पोरं हसली. बाकी कुणीही हसलं नाही, कारण टोपीवरचा पितळी बिल्ला आता अख्ख्या पडद्याएवढा चमकत होता.

"कसली टोपी?" थीरा म्हणाली.

"घंटेवाल्याची." बिर्तेचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "आणि डोकं माझ्या बाबांचं आहे, थीरा. होल्गरचं. पाळी त्यांची होती. ते हसतायत."

लाउरिट्सनं तोंडावर हात घेतला. पडद्यावरच्या होल्गरनं आपली टोपी हसत परत मिळवली, नीट डोक्यावर बसवली आणि नाचत धुक्यात गेला. गच्चीवरचे दिवे एकेक करून पुसट झाले.

"आणि आक्सेल?"

"नाही. मी चारदा बघितलंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत तो कुठेच नाही."

रीळ संपलं, पडदा पांढरा झाला, वर येप्पे दिवे लावायचं विसरला आणि त्याला कुणी हाक मारली नाही. मग थीरानं चाचपडत बिर्तेचा हात शोधला आणि तो उचलून आपल्या कपाळावर ठेवला.

"तो तिथे कसा असेल?" ती म्हणाली. "तो माझ्या उशाशी बसला होता."